कमरेचा कोयता : डोंगरवाटेवर मोठे पाते सुखाने वाहण्याविषयी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, जेथे देशावरील मोकळी पठारे संपून सह्याद्रीची रांग सुरू होते आणि त्र्यंबक, इगतपुरी, पेठ व सुरगाणा हे तालुके डोंगरदऱ्यांत विखुरलेले आहेत, तेथील रानवाटांवरून चालणाऱ्या महादेव कोळी, कोकणा, वारली वा ठाकूर माणसाच्या पाठीमागे, कमरेच्या मध्यावर लटकणारा कोयता ज्याने पाहिला नसेल, असा गिरिभ्रमणाचा शौकीन विरळाच. त्या माणसाला तो कोयता जड होत नाही, बसताना टोचत नाही, चढताना मांडीवर आपटत नाही, आणि कारवीच्या गचपणात वाट अडली असता मागे न पाहता हात नेला की मूठ अचूक हाती येते. उलटपक्षी, शहरातून पाठपिशवी घेऊन आलेला हौशी तरुण आठ-नऊ इंची पात्याचा जाडजूड सुरा पट्ट्याला अडकवून निघतो, तेव्हा पहिल्याच चढणीवर त्याची मूठ बरगडीखाली रुतू लागते, म्यानाचे टोक मांडीला घासू लागते, पिशवीचा कमरपट्टा त्यावर चढून बसतो, आणि तासाभरातच तो सुरा कमरेवरून सुटून पिशवीच्या तळाशी जातो, जेथून तो गरजेच्या वेळी काही केल्या निघत नाही. दोघांच्या हत्यारांत फारसा भेद नसतो. भेद असतो तो ते वाहण्याच्या रीतीत, आणि ही रीत शिकता येण्याजोगी असल्यामुळे तिचा सविस्तर विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

मुख्य प्रतिपादन आरंभीच सांगून टाकतो. मोठे पाते सुखाने वाहिले जात आहे असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा चालताना त्याचा विसर पडतो आणि हात घालताच ते सापडते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्यासाठी तीन अटी पाळाव्या लागतात : शरीराचा जो भाग चालताना, बसताना व वाकताना दुमडत नाही तेथे, अंगालगत, त्याचे वजन असावे, त्याची धार टोकापासून मुठीपर्यंत पूर्णपणे झाकलेली असावी, आणि त्याची जागा एकदा ठरली की ती कधीही बदलू नये. पुढे जे काही सांगावयाचे आहे ते या तीन अटींचाच विस्तार आहे.

आधी गरजेचा निवाडा

परंतु कसे वाहावे या प्रश्नाआधी, न्यावे काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे सोडविला पाहिजे. मळलेल्या वाटेने अंजनेरी, ब्रह्मगिरी वा धोडप करून सायंकाळी घरी परतणाऱ्यास मोठ्या पात्याचे काहीही काम पडत नाही. फळे कापणे, दोरी तोडणे, पाकिटे उघडणे एवढ्या कामांस तीन इंची मिटवता येणारा चाकू पुरून उरतो. मोठ्या पात्याची गरज खऱ्या अर्थाने निर्माण होते ती पावसाळा संपता संपता, जेव्हा वर्षभर न वापरलेल्या वाटांवर घाणेरी व कारवी माजून पुढचे पाऊल दिसेनासे होते. किंवा जेथे मुक्काम करावयाचा तेथे वाळलेली, पडलेली जाड लाकडे फोडून चुलीजोगती करावयाची असतात. किंवा तंबूच्या खुंट्या हरवल्या असता वाळक्या बांबूच्या खुंट्या तासाव्या लागतात. अशा प्रसंगीही संघात एकाच माणसाने एकच मोठे पाते न्यावे, आणि तो माणूस हत्यार हाताळण्याची सवय असलेला असावा. आठ जणांच्या कमरेला आठ सुरे असणे हे सज्जतेचे लक्षण मुळीच नव्हे. त्याने केवळ अपघाताची शक्यता आठपट वाढते.

याहून चांगला मार्गही आहे. पायथ्याच्या गावातून वाटाड्या सोबत घेतला की त्याचा कोयता आपोआप बरोबर येतो, आणि तो कोयता कोठे चालवावा व कोठे चालवू नये याचे ज्ञानही त्याच्याबरोबर येते. त्या रानाशी त्याच्या घराण्याची पिढ्यांची वहिवाट असते. आपण तेथे चार घटकांचे पाहुणे असतो.

आकडीची युक्ती

वाटाड्याच्या कमरेकडे नीट निरखून पाहिले असता एक साधी पण अत्यंत विचारपूर्वक घडविलेली वस्तू दिसते. तिला आकडी म्हणतात. ती लाकडाची असेल तर वीतभर लांबीचा, कमरेच्या गोलाईला बसेल असा किंचित बाक दिलेला एक ठोकळा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना दोरी ओवून ती पोटावर गाठ मारून बांधतात, आणि ठोकळ्यात कोरलेल्या खाचेतून कोयत्याचे पाते वरून खाली सोडले की मुठीकडचा भाग वरती अडकून राहतो. लोखंडाची आकडी असेल तर वाकविलेल्या सळईने तेच काम होते. घासून घासून ठोकळ्याचा आतला भाग इतका गुळगुळीत झालेला असतो की कोयता ओढताना वा परत ठेवताना अडखळत नाही. आणि दोरीची गाठ बहुधा अशी मारलेली असते की एका हिसक्यात सुटावी, जेणेकरून झाडावर चढताना वा ओढ्यात उतरताना सारा सरंजाम क्षणात काढून ठेवता यावा.

या रचनेमागील तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. माणूस चालतो तेव्हा मांडी पुढे उचलली जाते, बसतो तेव्हा पोट व जांघ दुमडते, आणि वळतो तेव्हा कमरेच्या दोन्ही बाजू फिरतात. मागचा, माकडहाडाच्या वरचा भाग मात्र या साऱ्या हालचालींत तुलनेने स्थिर असतो. म्हणून जड वस्तू तेथे असली की ती पायांच्या आड येत नाही. शिवाय कोयत्याचे वजन पात्याकडे अधिक असल्यामुळे, मूठ वर व पाते खाली असे टांगले असता तो आपल्याच भाराने सरळ लटकून राहतो. त्याला बांधून ठेवण्याची जरूर भासत नाही. नेपाळातील डोंगरी माणूस आपली खुकरी कमरेला गुंडाळलेल्या पटक्यात मागच्या बाजूस आडवी खोवतो, तीही याच अनुभवाची साक्ष होय. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन डोंगरी समाजांनी एकच जागा निवडावी, यावरून त्या जागेची योग्यता सिद्ध होते.

तथापि आकडी जशीच्या तशी उचलून आपल्या कमरेला बांधावी, असा सल्ला मी देणार नाही. ती वापरणाऱ्याच्या पाठीवर मोठी पिशवी नसते. त्याची वाट पायाखालची असते. तो बहुधा एकटा किंवा आपल्यासारख्याच जाणत्या माणसांबरोबर चालतो. आणि आकडीत पात्याची धार उघडी असते. आपण मात्र रांगेने चालतो, मागचा माणूस पुढच्याच्या पाठीशी येऊन ठेपलेला असतो, निसरड्या उतारावर मागे बसकण मारण्याची पाळी वारंवार येते, आणि पाठपिशवीचा तळ नेमका त्याच जागी टेकतो जेथे आकडी असावयाची. म्हणून आकडीचे तत्त्व घ्यावे, तिची उघडी धार घेऊ नये.

म्यान कसे असावे

पात्याच्या निवडीवर लोक हजारो रुपये खर्च करतात आणि म्यानाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वस्तुतः सुखासुखी वाहण्याच्या दृष्टीने पात्याहून म्यानाचे महत्त्व अधिक आहे. घोटी वा हरसूलच्या आठवडे बाजारात ट्रकच्या कमानपाट्यापासून घडविलेला, उत्तम पाणी दिलेला कोयता माफक दरात मिळू शकतो. त्याच्यासाठी चांगले म्यान मात्र स्वतः करून घ्यावे लागते.

सरळ पात्याच्या सुऱ्यासाठी म्हशीच्या जाड कातड्याचे, सुमारे तीन ते चार मिलिमीटर जाडीचे म्यान उत्तम. ते शिवून घेताना चर्मकार कारागिरास एक गोष्ट आवर्जून सांगावी : धारेच्या बाजूस, दोन पदरांच्या मध्ये, कातड्याची एक तिसरी पट्टी घालून मग टाके घालावेत. ही पट्टी नसेल तर पाते दर खेपेस थेट टाक्यांवर टेकते, काही महिन्यांत दोरा तुटतो, आणि एके दिवशी म्यानाची शिवण उलगडून धार उघडी पडते, जी वाहणाऱ्याला दिसतही नाही. म्यानाच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी एक लहानसे छिद्र ठेवावे, आणि वरच्या तोंडाशी मुठीभोवती येणारा, बटणाचा एक बंद असावा, जो ओढल्याशिवाय पाते बाहेर येऊ नये.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात पावसाळ्यात जो पाऊस कोसळतो त्यात कातडे दिवसभर भिजते, फुगते, त्यावर बुरशी धरते व आतले पोलाद गंजते. म्हणून पावसाळी भटकंतीसाठी लाकडी म्यान अधिक टिकाऊ ठरते. मलाया व बोर्निओच्या सदैव भिजलेल्या अरण्यांत तेथील लोक आपला परांग नावाचा कोयता लाकडाच्याच म्यानात बाळगतात. सागाच्या किंवा हलक्या शिवणाच्या दोन पातळ फळ्या घेऊन, एकीत पात्याच्या जाडीइतकी खोबण कोरून, दोन्ही एकत्र चिकटवाव्यात आणि तीन-चार ठिकाणी सुती दोरीने घट्ट बांधाव्यात; खोबण पात्याहून केसभर सैल असावी, कारण ओले लाकूड फुगते. ज्यांना सुतारकाम साधत नाही त्यांनी पाण्याच्या प्लॅस्टिक नळीचा तुकडा कढत पाण्याने मऊ करून, पात्याच्या जाडीची लाकडी पट्टी आत घालून दोन फळ्यांमध्ये दाबावा, म्हणजे हलके व न कुजणारे म्यान तयार होते. ही नळी उघड्या ज्वाळेवर मात्र कदापि धरू नये, कारण तिचा धूर विषारी असतो.

बाक असलेल्या कोयत्याला पूर्ण म्यान बसणे कठीण, कारण वाकडे पाते सरळ खोबणीत सरकत नाही. त्याच्यासाठी धारेपुरते आच्छादन करावे. कॅनव्हासच्या जाड नळीचा किंवा जाड रबरी नळीचा, पात्याच्या लांबीहून बोटभर अधिक असा तुकडा घेऊन तो एका बाजूने उभा चिरावा, धारेवर बसवावा, आणि जुन्या सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी पाठीवरून आवळून टाकावा. वापरताना तो निघण्यास क्षणभर लागतो. पण तेवढा क्षण विचारासाठी मिळणे हेही हितावहच आहे.

म्यानातून पाते काढण्याची रीत येथेच सांगतो, कारण हाताला होणाऱ्या इजा पुष्कळदा या एका कृतीत होतात. डाव्या हाताने म्यान मुठीत आवळून धरण्याची सवय घातक आहे. शिवण कमकुवत असेल तर बाहेर येणारी धार म्यान कापून थेट बोटांच्या आतल्या पेरांवर उतरते. म्यान नेहमी पात्याच्या पाठीच्या बाजूने, अंगठा व बोटांच्या चिमटीत धरावे, धारेकडची बाजू मोकळी ठेवावी, आणि पात्याची पाठ म्यानाच्या पाठीवर दाबत ते सरळ रेषेत बाहेर काढावे. परत ठेवताना डोळ्यांनी म्यानाचे तोंड पाहिल्याशिवाय टोक आत घालू नये, मग हाताला कितीही सवय असो.

कमरेवरील जागा

पिशवी पाठीवर नसेल, म्हणजे मुक्कामाच्या जागेभोवती काम करताना, म्यान कमरपट्ट्यावर ज्या हाताने काम करतो त्या बाजूस, विजारीच्या बाजूच्या शिवणीपासून चार बोटे मागे असावे. शिवणीच्या पुढे आले की ते उकिडवे बसताना जांघेत रुतते, आणि पडण्याचा प्रसंग आला तर टोक मांडीच्या आतल्या मोठ्या रक्तवाहिनीकडे वळते. अगदी पाठीच्या कण्यावर आले की मागे पडताना कठीण म्यान थेट कण्यावर आदळते. कण्याची उजवी वा डावी बाजू, जेथे मांसल भाग आहे, ती जागा सर्वांत निर्धोक.

जागेइतकीच उंचीही महत्त्वाची. येथे एक साधे यांत्रिक तत्त्व लक्षात ठेवावे : सुरा बोटावर आडवा तोलून त्याचा समतोलाचा बिंदू कोठे आहे ते पाहावे, आणि म्यान पट्ट्याला जेथे टांगले जाते त्या जागेच्या खाली तो बिंदू यावा अशी व्यवस्था करावी. बिंदू वर राहिला तर मूठ बाहेरच्या बाजूला कलते, हातावर आदळते व झुडपांत अडकते. खाली राहिला तर सुरा अंगालगत शांतपणे लोंबतो. बाजारातील पुष्कळशा म्यानांचा फासा तोंडाशीच शिवलेला असतो, त्यामुळे मूठ बरगड्यांपर्यंत चढते. त्यावर उपाय म्हणून चार-पाच इंच लांबीची कातडी वादी मध्ये घालून म्यान खाली सोडावे. उत्तर युरोपातील सामी लोक आपला ल्येउकू नावाचा लांब सुरा असाच सैल लोंबता ठेवतात. बसताना तो वर उचलला जातो, उठताना आपोआप खाली येतो, आणि मूठ पोटात रुतत नाही.

लोंबत्या म्यानाचा दोष एवढाच की घाईने चालताना ते मांडीवर आपटते. काम करीत असताना त्याचे खालचे टोक सुती नाडीने मांडीला सैलसर बांधावे. परंतु लांबच्या चढणीवर ही नाडी सोडून ठेवावी, कारण प्रत्येक पावलाला म्यानाचे वजन मांडीने उचलणे म्हणजे विनाकारण थकवा ओढवून घेणे होय. पट्टा मात्र रुंद व ताठ असावा. अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा सुरा पातळ पट्ट्यावर टांगला की विजार एका बाजूने घसरते, आणि ती सावरण्यात निम्मे लक्ष जाते. ज्यांना पट्ट्याचा काच सहन होत नाही त्यांनी खांद्यावरून जानव्याप्रमाणे तिरका जाणारा रुंद पट्टा वापरावा, म्हणजे भार खांद्यावर येतो व कंबर मोकळी राहते. हा पट्टा पाठपिशवीच्या आधी घालावा, नंतर नव्हे, अन्यथा पिशवी काढताना दोहोंचा गुंता होतो.

पाठपिशवी आणि कडे-कपारी

दोन दिवसांचे सामान असलेल्या पिशवीचा अर्ध्याहून अधिक भार तिच्या कमरपट्ट्यावर येत असतो आणि तो पट्टा कमरेच्या हाडांवर नीट बसणे आवश्यक असते. त्याच्या खाली म्यानाचा फासा आला की हाडावर वळ उठतात. तेव्हा पिशवी पाठीवर असेपर्यंत मोठे पाते कमरेवर ठेवण्याचा हट्ट सोडून द्यावा व ते पिशवीच्याच बाजूच्या कप्प्यात द्यावे : टोक खाली, मूठ वर, धार पाठीच्या विरुद्ध दिशेस, आणि पिशवीच्या बाजूचे आवळपट्टे म्यानावरून दोन ठिकाणी घट्ट ओढलेले. कोणत्या बाजूचा कप्पा, हे एकदा ठरवावे व सोबत्यांनाही सांगून ठेवावे. पिशवीच्या मागच्या बाजूस बाहेर सुरा लटकविण्याची जी फॅशन चित्रांत दिसते ती टाळावी, कारण मागून येणाऱ्या सोबत्याचे तोंड नेमके त्या उंचीवर असते. छातीवरील पट्ट्यावर मूठ खाली करून सुरा लावणे तर त्याहूनही वाईट; बंद सुटला की पाते आपल्याच पायांवर येते.

हरिहरगडाच्या कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या ज्यांनी चढल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की तेथे दोन्ही हात खोबण्यांत अडकलेले असतात, छाती दगडाला लागलेली असते, आणि उतरताना तोंड कड्याकडे करूनच उतरावे लागते. अशा जागी कमरेवर काहीही लोंबता कामा नये. पायऱ्यांच्या तळाशीच थांबून पाते म्यानासह पिशवीच्या आत, पाठीला लागून असलेल्या बाजूस, उभे ठेवावे, त्याभोवती चादर वा स्वेटर गुंडाळावा, आणि माथ्यावरील सपाटी आल्याशिवाय बाहेर काढू नये. दोर लावून चढावयाच्या प्रत्येक ठिकाणी हाच नियम, कारण ताणलेल्या दोराला धारेचा नुसता ओझरता स्पर्शही घातक ठरू शकतो.

वाट साफ करीत पुढे जाणाऱ्याने मागच्या माणसापासून किमान दहा फुटांचे अंतर राखावे, घाव अंगापासून दूर व खालच्या दिशेने घालावा, आणि चालू लागण्यापूर्वी पाते दर वेळी झाकावे. हातात उघडे पाते घेऊन चालणे ही रानातील सर्वांत मोठी बेपर्वाई होय. दुसऱ्याला पाते द्यावयाचे तर म्यानात घालून द्यावे, किंवा जमिनीवर ठेवावे व त्याने उचलून घ्यावे.

कायद्याची हद्द

आता एका अशा बाबीकडे वळतो जिच्याविषयी गिरिभ्रमण करणाऱ्यांत बरेच अज्ञान आढळते. 1959 चा शस्त्र अधिनियम केवळ घरगुती वा शेतीच्या कामासाठी घडविलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळतो; परंतु शस्त्र नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू व तत्सम हत्यारे, घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगाची सोडून, शस्त्रांत गणली आहेत. यावरून व्यवहारात एवढे घ्यावे की नऊ इंचांच्या, म्हणजे सुमारे तेवीस सेंटिमीटरांच्या आतले, अरुंद व कामाचे पाते निवडावे. लढाऊ थाटाचे, दोन्ही बाजूंनी धार असलेले हत्यार डोंगरावर कोणत्याही कामाचे नसते आणि ते जवळ बाळगण्याचा समाधानकारक खुलासाही करता येत नाही.

याखेरीज 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 अन्वये, शहरात पोलीस आयुक्त व इतरत्र जिल्हादंडाधिकारी वेळोवेळी मनाई हुकूम काढतात, ज्यांत तलवारी-भाल्यांबरोबर सुरे व लाठ्या-काठ्या बाळगण्यासही बंदी असते. असा हुकूम अमलात असताना कोयता शेतीचा आहे हा युक्तिवाद रस्त्यावर पुरा पडेलच असे नाही, आणि अलीकडच्या काळात शहरांतून कोयते उगारून दहशत माजविण्याचे जे प्रकार घडले त्यांमुळे पोलिसांची नजर कोयत्यावर स्वाभाविकच कडक झाली आहे. म्हणून घरापासून पायथ्याच्या गावापर्यंत, मग प्रवास एस.टी.ने असो, रेल्वेने असो वा दुचाकीने, पाते कमरेवर वा हाताशी ठेवू नये. म्यानात घालून, कापडात गुंडाळून, दोरीने बांधून ते पिशवीच्या तळाशी असावे. सिंहस्थाच्या किंवा मोठ्या यात्रांच्या काळात त्र्यंबकेश्वर परिसरात जाणाऱ्याने ते घरीच ठेवावे, हे उत्तम.

अभयारण्याचा नियम तर आणखी स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 31 प्रमाणे सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वलेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही, आणि त्या अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत चाकूचा नावानिशी उल्लेख आहे. नाशिककरांच्या आवडीचे कळसूबाई शिखर, रतनगड व हरिश्चंद्रगड हे शेजारच्या अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या मुलखात येतात; तेथे मोठे पाते नेणे म्हणजे जप्ती व खटला ओढवून घेणे. अभयारण्याबाहेरील राखीव वनांतही उभे झाड वा जिवंत फांदी तोडणे गुन्हा आहे, आणि तो गुन्हा नसता तरी ते कृत्य करण्याजोगे नव्हे. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची जी दुर्मिळ जात वाढते, जिला शास्त्रज्ञांनी 2006 साली अंजनेरीवरूनच नाव दिले, ती गवतातच उभी असते. चालता चालता सहज म्हणून गवतावर पाते फिरविणाऱ्यास आपण काय कापले हे कळणारही नाही. त्यामुळे काम नसताना पाते म्यानाबाहेर काढावयाचे नाही, हा नियम स्वतःच्या बोटांइतकाच त्या पठारासाठीही पाळावयाचा आहे. सोयीचा मार्ग असा की निघण्यापूर्वी संबंधित वन परिक्षेत्राच्या कचेरीत वा वाटेवरील वनरक्षकाकडे चौकशी करावी व त्याच्या सांगण्याप्रमाणे वागावे.

निगा आणि तालीम

परतल्यावर पाते म्यानातच ठेवून देणे ही सर्वसाधारण पण घातक चूक. कातडे ओलावा धरून ठेवते व त्यातच पोलादावर तांबेरा चढतो. दोन्ही वेगळी करून, पाते पुसून, त्यावर शिलाई यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. लाकडी मुठीला जवसाचे तेल चोळावे. भिजलेले म्यान चुलीपाशी वा कडक उन्हात न ठेवता सावलीत वाऱ्यावर सुकवावे व सुकल्यावर त्यास किंचित एरंडेल द्यावे. कोयत्याची धार कानशीने व मग दगडाने लावून ठेवावी, कारण बोथट पाते जोर मागते, जोरात घातलेला घाव निसटतो, आणि निसटलेला घाव अंगावर येतो. सोबतच्या औषधांच्या पेटीत जाड पट्ट्या व स्वच्छ कापड असावे. खोल जखमेवर घट्ट दाब धरून ठेवणे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागविणे हे प्रत्येक सोबत्यास माहीत असावे.

शेवटी, या साऱ्याची तालीम डोंगरावर न करता घरी करावी, आणि तीही पात्यावाचून. सुऱ्याच्या लांबी-रुंदीचा व वजनाचा एक लाकडी तुकडा घेऊन, लागल्यास त्यास लोखंडी पट्टी बांधून, तो म्यानात घालावा आणि नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या बुटांत, भरलेल्या पिशवीसह घराच्या जिन्यावरून चार-सहा वेळा चढावे-उतरावे. उकिडवे बसावे, पुढे वाकून बुटाची नाडी बांधावी, पिशवी काढून परत चढवावी, आणि डोळे मिटून मुठीकडे हात न्यावा. कोठे टोचते, कोठे घासते, कोठे हात चाचपडतो, ते या अर्ध्या तासात कळते व फासा खाली-वर करून, वादी लांब-आखूड करून दुरुस्त करता येते. म्यान उलटे धरून जोराने हलविले असता लाकडी तुकडा निसटला, तर पातेही निसटणारच, हे निश्चित समजून बंद बदलून घ्यावा. या कसोटीस जे म्यान उतरेल तेच डोंगरावर न्यावे. आणि उतरत नसेल तर पाते घरी ठेवून, मिटवता येणारा चाकू खिशात व वाटाड्या सोबतीला घेऊन निघावे. त्यात भटकंतीचा आनंद तसूभरही उणा होत नाही.